घरासाठी डिजिटल पियानो : पट्टीखाली दडलेले यंत्र

वाद्यांच्या दुकानात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या गृहस्थापुढे एक कोडे हटकून उभे राहते. एका बाजूस एकसष्ट पट्ट्यांचा सुटसुटीत कीबोर्ड मांडलेला असतो. त्यात पियानोपासून सतारीपर्यंत सहाशेंवर वाद्यांचे आवाज असतात, तालांचे ठेके असतात, उजळणारा पडदा असतो. त्याच्या शेजारी एक लांबोडके, काळे, अगदी निराभरण वाद्य ठेवलेले असते. त्यात आवाज मोजून दहा, ठेके नाहीत, पडदाही नाही, आणि किंमत मात्र पहिल्याच्या दुपटीच्या घरात. मुलीला पियानो शिकविणाऱ्या बाईंनी "कीबोर्ड नको, डिजिटल पियानोच घ्या" असे बजावून पाठविलेले असते. त्यामुळे ज्यात सर्व काही आहे ते स्वस्त आणि ज्यात जवळजवळ काहीच नाही ते महाग, हा उफराटा व्यवहार कोणत्या न्यायाने चालतो, हे त्या गृहस्थास काही केल्या उमगत नाही.

एकाच कारखानदाराचे दोन जिन्नस घेतले म्हणजे हा हिशेब स्पष्ट होतो. यामाहा कंपनीच्या पीएसआर-ई३७३ या कीबोर्डात ६२२ आवाज आहेत आणि त्याचे वजन ४.६ किलो आहे. त्याच कंपनीच्या पी-४५ या डिजिटल पियानोत आवाज अवघे १० असून वजन ११.५ किलो भरते. पट्ट्या सत्तावीस जास्त आहेत हे मान्य केले, तरी एवढ्याने सात किलोंचा फरक पडत नाही. ग्राहकाने मोजलेला अधिक पैसा मुख्यतः या वाढीव वजनात, म्हणजे पट्ट्यांच्या खाली बसविलेल्या व डोळ्यांस न दिसणाऱ्या यंत्रणेत गेलेला असतो. ती यंत्रणा काय काम करते हे समजले, म्हणजे जाहिरातीतील निम्मे आकडे आपोआप निरर्थक ठरतात आणि उरलेल्यांचा अर्थ लागतो.

मूळ पियानोच्या पोटात काय चालते

पेटी वाजविणाऱ्यास पियानोची पट्टी प्रथम परकी वाटते, आणि त्याला सबळ कारण आहे. पेटीची पट्टी हळू दाबा की जोराने दाबा, आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो तो भात्यावरच्या हाताने. पट्टी केवळ हवेची वाट मोकळी करते. युरोपातील हार्पसिकॉर्ड या जुन्या वाद्यात भाता नव्हता, पण तेथेही पट्टी दाबली की एक टोकदार पीस तार छेडून जाई, आणि बोटाचा जोर कितीही वाढविला तरी नाद फारसा मोठा होत नसे. फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या पदरी असलेला वाद्यकारागीर बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने ही उणीव दूर केली. त्या दरबारातील वाद्यांची जी यादी १७०० साली तयार झाली, तीत त्याच्या नव्या वाद्याची नोंद आढळते. त्याने तार छेडण्याऐवजी तिच्यावर हातोडीचा आघात करण्याची योजना केली, आणि हा आघात हलका वा जड करणे वादकाच्या बोटाच्या स्वाधीन केले.

या योजनेतील खरी करामत हातोडीत नसून तिच्या सुटकेत आहे. पट्टी ही एक तरफ असते. तिचे पुढचे टोक बोटाने खाली गेले की मागचे टोक वर येते आणि हातोडीला ढकलते. परंतु हातोडी तारेला चिकटून राहिली, तर तारेचे कंपन तिथेच गुदमरून जाईल. यास्तव तार अगदी हाताशी आली असता ढकलणारा भाग बाजूला सरकतो आणि हातोडी उरलेले थोडेसे अंतर स्वतःच्या गतीने तोडते, तारेवर आदळते व मागे फिरते. कॅरम खेळणाऱ्यास ही गोष्ट चटकन पटेल. स्ट्रायकर टिचकीने एकदा सुटला की मग खेळाडूने बोर्डावर कितीही वाकून पाहिले, तरी त्याच्या गतीत यत्किंचितही फेरफार होत नाही. जे द्यावयाचे ते टिचकीच्या क्षणीच दिलेले असते. पियानोची हातोडीही अशीच सुटलेली असते, आणि म्हणून स्वराचा आघात कसा होणार हे जवळजवळ सर्वस्वी एकाच गोष्टीवर अवलंबून राहते: सुटतेवेळी तिचा वेग किती होता.

याखेरीज मूळ पियानोत पुष्कळ सरंजाम असतो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांसाठी सुमारे २३० तारा असतात, कारण खर्जाच्या स्वरांस एकेक, त्यांवरच्या काहींस दोन आणि वरच्या बहुतेक स्वरांस तीन-तीन तारा लागतात. या सर्वांचा एकत्रित ताण वीस टनांच्या आसपास जातो आणि तो पेलण्यासाठी बिडाची चौकट घालावी लागते. नाद खोलीभर पसरविणारा लाकडी फलक असतो, आणि सर्वांत वरचे काही स्वर सोडल्यास प्रत्येक स्वराच्या तारांवर टेकणारी नमद्याची एक गादी असते. पट्टी दाबली की ती गादी उचलली जाते व सोडली की परत बसून नाद थांबविते. अशा उभ्या पियानोचे वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते.

डिजिटल पियानोत तारा नाहीत, बिडाची चौकट नाही, नादफलक नाही. आघाताचे सारे भवितव्य एका वेगात सामावलेले आहे, म्हणूनच हे शक्य झाले. कारण तो वेग अचूक मोजता आला, तर पुढचे काम ध्वनिमुद्रणाकडे सोपविता येते.

बोटाचा वेग मोजण्याची युक्ती

प्रत्येक पट्टीच्या खाली, रबराच्या फितीवर, थोड्या अंतराने दोन सेन्सर बसविलेले असतात. पट्टी खाली जाताना पहिला सेन्सर आधी दाबला जातो आणि दुसरा त्यानंतर. या दोहोंमध्ये गेलेला काळ आतील संगणक मोजतो. जोरकस प्रहारात हा काळ काही मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यांचा असतो. हळुवार स्पर्शात तो त्याच्या अनेक पट होतो. अंतर ठाऊक, काळ मोजलेला, म्हणजे वेग निघालाच. या वेगाला १ पासून १२७ पर्यंतचा एक आकडा दिला जातो. निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस परस्परांची भाषा कळावी म्हणून १९८३ साली 'मिडी' या नावाचा जो करार प्रचारात आला, त्याने ही मोजपट्टी ठरवून दिली, आणि ती आजही चालू आहे.

दोनच सेन्सर असले तर एक गैरसोय राहते. तोच स्वर पुन्हा वाजविण्यासाठी पट्टी जवळजवळ पूर्ण वर येऊ द्यावी लागते, नाहीतर पहिला सेन्सर मोकळा होत नाही आणि दुसरा प्रहार मुका जातो. खऱ्या ग्रँड पियानोत हीच अडचण होती. सेबास्तियन एरार या पॅरिसच्या कारागिराच्या, १८२१ साली पेटंट झालेल्या दुहेरी सुटकेच्या रचनेने ती दूर झाली, आणि पट्टी अर्धी वर आली असतानाच पुन्हा दाबता येऊ लागली. डिजिटल पियानोत हेच काम तिसरा सेन्सर करतो. शिकाऊ विद्यार्थ्यास पहिली काही वर्षे त्यावाचून अडत नाही. पण एकच स्वर द्रुतगतीने घोळविण्याची वेळ आली की तो असल्या-नसल्याचा फरक बोटांस जाणवतो.

पट्टीचे वजन म्हणजे नेमके काय

स्वस्त कीबोर्डाची पट्टी स्प्रिंगवर उभी असते. स्प्रिंग आरंभी सहज दबते आणि जसजशी दबत जाते तसतशी अधिक विरोध करते. हातोडीची गोष्ट बरोबर याच्या उलट आहे. हातोडीला स्वतःचे जडत्व असते, म्हणून ती हलविताना प्रथम जोर लागतो, आणि एकदा गतीत आली की ती आपणहून पुढे धावते. स्प्रिंगवर शिकलेले बोट पट्टी तळाशी रेटून धरण्याची सवय लावून घेते, आणि पुढे खऱ्या पियानोवर बसल्यावर हळुवार स्वर काढू गेले की एकतर आवाज फुटतो किंवा उमटतच नाही. म्हणूनच डिजिटल पियानोत प्रत्येक पट्टीमागे खरोखरीची एक लहान हातोडी किंवा वजनाचा तुकडा बसवितात. तो कोणत्याही तारेवर आदळत नाही. त्याचे काम केवळ बोटाला जडत्वाचा अनुभव देणे हे असते. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांमागची ही अठ्ठ्याऐंशी वजने एकत्र केली, म्हणजे वर सांगितलेल्या सात किलोंचा बहुतांश हिशेब जुळतो.

दुकानांत या बाबतीत तीन दर्जे ऐकू येतात. 'टच सेन्सिटिव्ह' म्हणजे वेग मोजला जातो, पण पट्टीला वजन नाही; 'सेमी-वेटेड' म्हणजे स्प्रिंगला थोड्या वजनाची जोड दिलेली आहे; आणि 'फुल्ली वेटेड' किंवा 'हॅमर ॲक्शन' म्हणजे वर वर्णिलेली हातोडीची रचना आहे. पियानो शिकावयाचा असेल, तर तिसऱ्या दर्जाखाली उतरू नये. त्यातही 'ग्रेडेड' हा शब्द असल्यास पट्ट्यांचे वजन डावीकडून उजवीकडे हळूहळू कमी होत जाते असे समजावे. खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या व तीव्र स्वरांच्या लहान असतात, त्याचे हे अनुकरण होय.

वजनाइतकीच महत्त्वाची, पण जाहिरातीत सहसा न आढळणारी बाब म्हणजे तरफेची लांबी. ग्रँड पियानोची पट्टी झाकणाच्या आत बरीच मागे गेलेली असते, त्यामुळे बोट पट्टीच्या पुढच्या कडेवर असो वा आत काळ्या पट्ट्यांच्या बेचक्यात असो, लागणाऱ्या जोरात मोठा फरक पडत नाही. डिजिटल पियानोची पेटी अरुंद असल्याने पट्टी आखूड आणि तिचा टेकू जवळ असतो. तेथे आतल्या बाजूस बोट पडले की पट्टी एकाएकी जड होते. ज्या तुकड्यांत अंगठ्यास काळ्या पट्ट्यांच्या मधे शिरावे लागते, त्यांत ही उणीव फार नडते.

ध्वनी कोठून येतो

वेगाचा आकडा मिळाला की संगणक आपल्या स्मृतीतून त्या आकड्याशी जुळणारा ध्वनी काढतो. एखाद्या उत्तम ग्रँड पियानोच्या पट्ट्या एकेक करून वाजवून त्यांचे मुद्रण केलेले असते. या मुद्रित तुकड्यास सँपल म्हणतात. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा नोंदली जाते. रेमंड कर्झवाइल यांच्या कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेल्या कर्झवाइल २५० या वाद्याने या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आज घरगुती डिजिटल पियानो बहुतांशी याच तत्त्वावर चालतात.

आता कोणी विचारील की एक स्वर एकदा मुद्रित केला म्हणजे काम भागले नाही काय. हळू वाजविल्यास तोच ध्वनी लहान करावा आणि जोरात वाजविल्यास मोठा. तसे भागत नाही, कारण हातोडीवरचा नमदा जोराच्या आघातात दबून कठीण होतो आणि तारेतील वरचे, तीक्ष्ण उपस्वर जागे करतो; हलक्या आघातात तो मऊ राहतो व ध्वनी गोलाईदार येतो. जोराबरोबर आवाजाची पातळी बदलते तसा आवाजाचा रंगही बदलतो. म्हणून प्रत्येक स्वर हलका, मध्यम, जोरकस अशा अनेक थरांत मुद्रित करावा लागतो. थर थोडे असले व त्यांची सांधेजोड नीट नसली, तर एका विशिष्ट जोराला ध्वनी अचानक चकाकून उठतो. काटकसरीचा दुसरा मार्ग म्हणजे खर्जाचा दीर्घकाळ घुमणारा स्वर पूर्ण न नोंदता त्याचा एक तुकडा फिरवत ठेवणे. असा स्वर दाबून धरला की थोड्याच वेळात त्यातली जिवंत हालचाल संपून सपाट गुंजन उरते.

मुद्रणाऐवजी तार, हातोडी आणि फलक यांची गणिते मांडून ध्वनी तत्क्षणी निर्माण करण्याची पद्धतही आहे, आणि रोलँड कंपनीने २००९ साली काढलेला व्ही-पियानो तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. घरगुती वाद्यांत बहुधा दोन्ही पद्धतींचा मेळ घातलेला असतो: स्वर मुद्रणातून येतो, आणि तारांच्या परस्पर अनुनादासारख्या सूक्ष्म गोष्टी गणिताने घडविल्या जातात.

एका वेळी किती स्वर

माहितीपत्रकात ६४, १२८, १९२, २५६ असे आकडे 'पॉलिफनी' या शब्दापुढे छापलेले असतात. माणसास बोटे दहाच असता एवढे स्वर कशाला, ही शंका रास्त आहे. तथापि उजवे पेडल दाबलेले असताना वाजविलेला प्रत्येक स्वर घुमत राहतो, त्यांत नव्या स्वरांची भर पडत जाते, आणि ध्वनी डाव्या-उजव्या अशा दोन धारांत असल्यास एका स्वराला दोन जागा लागतात. जागा संपल्या की वाद्य सर्वांत जुना स्वर गुपचूप बंद करते. ६४ जागांचे वाद्य आरंभाच्या अभ्यासास पुरते; पेडलचा सढळ वापर असलेल्या रचनांपर्यंत मजल जाण्याची उमेद असल्यास १२८ किंवा अधिक घ्याव्यात. त्यापलीकडे मात्र १९२ की २५६ यावर निर्णय अडवून ठेवण्यात अर्थ नाही. घरात वाजविणाऱ्याच्या कानास तो भेद क्वचितच कळतो.

पेडल, स्पीकर आणि शेजारी

उजवे पेडल सर्व तारांवरच्या गाद्या एकदम उचलते, आणि पियानोच्या वादनात हात आणि हे पेडल यांचे नाते अविभाज्य आहे. स्वस्त वाद्याबरोबर पायाखाली सरकत जाणारी प्लास्टिकची एक चौकोनी कळ मिळते. तिला 'चालू' आणि 'बंद' एवढ्याच दोन अवस्था कळतात. अर्धवट दाबलेल्या पेडलाने नाद अर्धवट शमविण्याची कला तिच्यावर शिकता येत नाही. म्हणून वाद्य अर्ध्या पेडलची दखल घेते की नाही हे विचारावे, आणि घेत असल्यास धातूचे, वजनदार पेडल वेगळे विकत घ्यावे.

स्पीकरच्या बाबतीत वॅटच्या आकड्याने फार भुलू नये. पी-४५ मध्ये ६ वॅटचे दोन स्पीकर आहेत, रोलँडच्या एफपी-३०एक्समध्ये ११ वॅटचे दोन. दिवाणखान्यास दोन्ही पुरतात. खर्जाचा भरदारपणा मात्र स्पीकरच्या आकारावर आणि पेटीच्या पोकळीवर ठरतो, आणि सडपातळ वाद्यात ती पोकळीच नसते. लाकडी कपाटासारख्या बैठ्या वाद्यांचा आवाज अधिक भरीव येतो तो या कारणाने. त्यांचे वजन चाळीस किलोंच्या आसपास असते आणि ती एकदा मांडली की हलवावीशी वाटत नाहीत.

हेडफोन लावून रात्री वाजविता येणे हा डिजिटल पियानोचा मोठाच लाभ. हेडफोन मात्र वायरचा असावा. ब्लूटूथच्या हेडफोनात ध्वनी दशांश सेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोचतो, आणि पट्टी दाबल्यावर स्वर मागाहून आला की लय हातात राहत नाही. दुसरी गोष्ट फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वाजविणाऱ्याच्या कानात संगीत चालू असते, पण पट्ट्या तळाशी आपटण्याचा ठकठक आवाज स्टँडच्या पायांतून फरशीत उतरतो आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडास रात्री साडेदहा वाजता तेवढाच ऐकू येतो. स्टँडखाली जाड रबरी चटई किंवा दुहेरी घडीची सतरंजी घातली की सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाणारी तक्रार बहुधा टळते.

जे बदलता येते आणि जे येत नाही

एवढ्या विवेचनानंतर निवडीचे सूत्र हाती येते, आणि ते असे की वाद्याच्या प्रत्येक अंगाविषयी, हे नंतर बदलता येईल काय, हा एकच प्रश्न विचारावा. पेडल बदलता येते. स्टँड व बाक बदलता येतात. स्पीकर अपुरे वाटले तर बाहेरचे जोडता येतात. एवढेच काय, वाद्याचा ध्वनी कंटाळवाणा वाटू लागला, तर यूएसबीच्या वायरीने ते संगणकास जोडून दुसऱ्याच एखाद्या उत्कृष्ट पियानोचा ध्वनी त्याच पट्ट्यांवर वाजविता येतो. पट्ट्यांची संख्या, त्यांचे वजन, तरफेची लांबी आणि सेन्सरांची अचूकता या गोष्टी मात्र वाद्य विकून टाकल्याखेरीज बदलत नाहीत. यास्तव रक्कम मर्यादित असेल, तर ती प्रथम पट्ट्यांवर खर्च करावी आणि बाकीच्या सोयी सवडीने जमवाव्यात. सहाशे आवाजांची यादी या कसोटीस उतरत नाही. ते आवाज संगणकातून केव्हाही मिळतात.

घरात कोणी गाणारे असेल, तर 'ट्रान्सपोज' ही सोय मात्र पाहून घ्यावी. गाणाऱ्याची पट्टी काळी चार असो की पांढरी एक, शिकाऊ वादकास आपल्या सवयीच्या पट्ट्यांवरच बोटे ठेवून साथ करता येते. मींड मात्र पियानोवर निघत नाही. त्याचे स्वर जागच्या जागी बांधलेले आहेत, आणि ते बंधन डिजिटल पियानोतही कायम राहते.

दुकानातील परीक्षा

मुंबईच्या धोबी तलाव भागात, जेथे १८६५ साली स्थापन झालेली फुर्टाडोज ही पेढी आहे, किंवा पुण्या-पणजीच्या वाद्यांच्या दुकानांत, पुढील परीक्षा कोणीही करू शकतो. त्यासाठी पियानो वाजविता येण्याची आवश्यकता नाही.

प्रथम वाद्य बंद असतानाच पट्ट्या दाबून पाहाव्यात. आवाज नसला की कान यंत्राकडे लागतात, आणि कोणती पट्टी खडखडते, कोणती बाजूला हलते, तळाशी आपटताना ठोका मऊ पडतो की कडक, हे स्पष्ट कळते. मग खिशातली दहा रुपयांची नाणी काढावीत. एका नाण्याचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असते. मधल्या 'सा'च्या, म्हणजे पाश्चात्त्य 'सी'च्या पट्टीच्या पुढच्या कडेवर ती एकेक करून रचावीत. चांगल्या पियानोची मधली पट्टी पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाने खाली जाऊ लागते, म्हणजे सहा-सात नाण्यांनी ती झुकावी. तीन नाण्यांतच ती बसली तर वजन फारच हलके आहे, आणि दहा नाणी रचूनही ती ताठ राहिली तर लहान मुलाच्या बोटांस ती थकवील. हाच प्रयोग डाव्या व उजव्या टोकाच्या पट्ट्यांवर केला, म्हणजे 'ग्रेडेड' या शब्दाची सत्यता पडताळून मिळते.

त्यानंतर वाद्य चालू करून एक पट्टी अत्यंत संथपणे खाली न्यावी. खऱ्या पियानोत अशा वेळी हातोडी तारेपर्यंत पोचत नाही व स्वर निघत नाही, आणि चांगल्या डिजिटल पियानोतही निघू नये. मग तोच स्वर अगदी हलक्या स्पर्शापासून जोरकस प्रहारापर्यंत दहा-बारा पायऱ्यांनी वाजवावा व मधे कोठे आवाज उडी मारतो काय ते ऐकावे. खर्जाची एखादी पट्टी दाबून धरून तिचा नाद विरेपर्यंत थांबावे. दुकानदार अस्वस्थ झाला तरी थांबावे. शेवटी एक बारीक परीक्षा राहते. मधला 'सी' आवाज न करता हळूच दाबून धरावा आणि त्याखालच्या सप्तकातला 'सी' जोराने वाजवून लगेच सोडावा. खऱ्या पियानोत दाबून धरलेल्या वरच्या तारा खालच्या स्वराच्या धक्क्याने आपोआप गुणगुणत राहतात. डिजिटल वाद्यातही ते गुणगुणणे ऐकू आले, तर अनुनादाचे गणित त्यात घातलेले आहे असे समजावे.

आपली हवा, आपली वीज, आणि जुने वाद्य

गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन शिकविले जाई, आणि तेथल्या जुन्या घरांच्या बैठकीत आजही उभे पियानो दिसतात. त्यांच्या मालकांस कोकणपट्टीच्या दमट हवेने काय होते ते चांगले ठाऊक असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, तारांस गंज चढतो आणि सुरांची पातळी सरकते. वर्षातून एकदोनदा जाणकार माणूस बोलावून वाद्य सुरात आणावे लागते. डिजिटल पियानो कधी बेसूर होत नाही, परंतु दमट हवा आणि धूळ त्यालाही सोडत नाहीत. सेन्सरांखालच्या रबरी फितीवर धूळ बसली की काळाचे मोजमाप चुकते आणि एखादीच पट्टी हलक्या स्पर्शालाही कडाडून वाजू लागते. म्हणून वाजवून झाल्यावर कापडी आच्छादन घालावे, खिडकीलगत वाद्य ठेवू नये, आणि वीज वारंवार जात-येत असेल तेथे काम संपताच अडॅप्टर काढून ठेवावा.

हेच ज्ञान जुने वाद्य घेताना उपयोगी पडते. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या प्रत्येकी एकदा हलक्या आणि एकदा जोराने वाजवाव्यात. जी शेजारणींहून वेगळी बोलते ती सदोष समजावी. दोष फितीपुरताच असेल तर दुरुस्ती होते, पण त्या नमुन्याचे सुटे भाग आपल्या गावी मिळतात काय, याची चौकशी व्यवहार पुरा होण्यापूर्वी करावी. नवे वाद्य घेताना पावती आणि हमीपत्र यांवर वाद्याचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. मुलास ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा असोसिएटेड बोर्ड यांच्या परीक्षांस बसवावयाचे असल्यास चालू नियमपत्रिकेतील वाद्याविषयीची कलमे आधी वाचावीत.

जागेचा विचारही दुकानात जाण्यापूर्वीच केलेला बरा. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या वाद्यास भिंतीलगत सुमारे साडेचार फूट लांबी लागते, आणि पांढऱ्या पट्ट्यांची उंची जमिनीपासून बहात्तर-चौऱ्याहत्तर सेंटिमीटर असावी लागते. जेवणाच्या टेबलावर वाद्य ठेवले की पट्ट्या त्याहून वर जातात, कोपर खाली राहते, मनगट वाकडे होते, आणि महिन्याभरात हात दुखू लागल्यावर दोष वाद्याला दिला जातो. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत यावे, अशा बेताचा बाक घ्यावा. कैचीसारखा दुमडणारा स्टँड जोराच्या वादनात डुलतो. चार पायांचा, घट्ट बसणारा स्टँड थोडा महाग पडला तरी तोच पसंत करावा.

चौकट : खरेदीस जाताना

• पट्ट्या ८८ आणि 'फुल्ली वेटेड' असाव्यात. 'ग्रेडेड' असल्यास अधिक चांगले. ही बाब नंतर बदलता येत नाही, म्हणून पहिला पैसा येथे.

• आवाजांची संख्या आणि ठेके यांवरून दर्जा ठरवू नये.

• पॉलिफनी आरंभास ६४ चालते. दीर्घ अभ्यासासाठी १२८ किंवा अधिक.

• अर्ध्या पेडलची सोय विचारावी. सरकणारी प्लास्टिकची कळ बदलून वजनदार पेडल घ्यावे.

• यूएसबी जोडणी आणि हेडफोनची जागा असावी. हेडफोन वायरचाच वापरावा.

• दुकानात: वाद्य बंद ठेवून पट्ट्या तपासाव्यात, नाण्यांनी वजन पाहावे, हळू ते जोर असा एकच स्वर वाजवावा, काळ्या पट्ट्यांच्या बेचक्यातही बोट घालून पाहावे.

• स्टँड, बाक, पेडल, आच्छादन आणि चटई यांचा खर्च आरंभीच अंदाजपत्रकात धरावा.